निठारीचा पुरावा कुठे हरवला?

११ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सुरेंद्र कोलीची क्युरेटिव्ह याचिका (पुनर्विचारही फेटाळल्यावर उरणारा शेवटचा मार्ग) मान्य केली आणि निठारी प्रकरणात उरलेली शेवटची शिक्षाही रद्द झाली. सरन्यायाधीश भूषण गवई (आपले अमरावतीचे), न्या. सूर्य कांत आणि न्या. विक्रम नाथ यांचं खंडपीठ होतं. दिल्लीला खेटून असलेल्या नोएडात एका बंगल्याच्या मागून-पुढून मुलांच्या कवट्या आणि हाडं निघाली, त्याला तेव्हा एकोणीस वर्षं होत आली होती. ती मुलं कोणाची, हे डीएनएने बऱ्याच घरांना सांगितलं. त्यांना कोणी मारलं, याचं उत्तर आज कोर्टाच्या कागदांत नाही.

निकालाच्या दिवशी आमच्या बाररूममध्ये दोनच सूर होते. एक, ‘सीबीआयने घाण केली.’ दुसरा, ‘कोर्टाने सोडला.’ मी बरीच वर्षं फौजदारी वकिली करतो, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. पंचनाम्यातली फट शोधणं हेच माझं पोट. त्या नजरेने हे प्रकरण वाचत मागे मागे गेलो, तर फट सीबीआयच्या कितीतरी आधी सापडते. २००५ साली, मूल हरवलं म्हणून आई-बाप पोलीस ठाण्याच्या टेबलापुढे उभे राहिले तेव्हा.

निठारी हे मूळचं गाव. नोएडा वाढलं तसं सेक्टर ३१ ने त्याला वेढून घेतलं. एका बाजूला कोठ्या, म्हणजे बंगले, दुसऱ्या बाजूला भाड्याच्या खोल्या. खोल्यांत बंगाल-बिहारकडून आलेली कुटुंबं. बाई कोठ्यांमध्ये धुणंभांडी करणार, पुरुष रिक्षा ओढणार, मजुरी करणार, कपड्यांना इस्त्री करणार. मुलं कोठ्यांसमोरच्या रस्त्यावरूनच ये-जा करायची. डी-५ ही त्यातलीच एक कोठी. मालक मोनिंदरसिंग पंधेर, घरकामाला कोली. दोघंही आज निर्दोष आहेत, हे पुढचं वाचताना ध्यानात असू द्या.

फेब्रुवारी २००५ मध्ये चौदा वर्षांची एक मुलगी घरी परतली नाही. मग आणखी एक, मग आणखी एक. आई-बाप ठाण्यात जात राहिले. त्यांनी पुढे सांगितलेला अनुभव आपल्याकडच्या कुठल्याही गरीब बापाला ओळखीचा वाटेल: पोरगी कुणाबरोबर तरी पळाली असेल, नातेवाइकांकडे बघा, येईल परत. फार तर हरवल्याची नोंद व्हायची. गुन्हा दाखल होत नव्हता. खरं तर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००२ मध्येच, होरीलाल प्रकरणात, हरवलेल्या मुलींच्या शोधासाठी पोलिसांनी काय काय करायचं ते सांगून ठेवलं होतं. फोटो प्रसिद्ध करा, शेजारीपाजारी आणि शाळेत चौकशी करा, आणि हरवलेल्या मुलीच्या कागदपत्रांतून, वस्तूंतून जो धागा मिळेल तो लगेच तपासा. या शेवटच्या सूचनेत सगळं आलं.

आता ही नोंद आणि गुन्हा यांतला फरक सामान्य माणसाला कागदी वाटतो. माझ्या मते निठारीचं अर्धं प्रकरण त्या फरकातच आहे. आपल्याकडे पोलीस म्हणतात, ‘मिसिंग घेतली.’ मिसिंग घेतली म्हणजे नाव, वय, वर्ण, उंची, अंगावरचे कपडे लिहिले, बिनतारी संदेश पाठवला, झालं. गुन्हा दाखल झाला की मात्र तपासी अंमलदार नेमला जातो, तो घटनास्थळी जातो, पंच बोलावतो, वस्तू जप्त करतो, त्या मुद्देमालात जातात, कोर्टाला कागद जातात, वरिष्ठ विचारतात. मिसिंगला घटनास्थळ नसतं. घटनास्थळ नाही म्हणून पंचनामा नाही, पंचनामा नाही म्हणून मुद्देमाल नाही. मूल ‘हरवलं’ असं लिहिलं की त्याच्या घरातली प्रत्येक वस्तू नुसती घरगुती वस्तू राहते.

त्या वस्तू कोणत्या, ते जरा जवळून बघू. समजा सात वर्षांची मुलगी संध्याकाळी परतली नाही आणि पोलीस रात्री घरी आले. न्हाणीच्या कोनाड्यात तिचा टूथब्रश आहे. तो बोटांनी डोक्याकडून न धरता दांड्याकडून उचलायचा आणि कागदी पाकिटात घालायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट राहतो आणि नमुना नासतो. कंगव्यात केस अडकले असतील तर कंगवा तसाच घ्यायचा, केस ओढून काढायचे नाहीत. ती पाणी प्यायलेला स्टीलचा पेला घासायच्या आत वेगळा ठेवायचा, कारण शाळकरी पोरांच्या बोटांचे ठसे दुसरीकडे कुठे मिळणार? तिचा न धुतलेला फ्रॉक किंवा उशीचा अभ्रा श्वानपथकासाठी, आणि तो शक्यतो दुसऱ्या कोणाचा हात न लागलेला. शाळेची वही अक्षरासाठी, जुनी चप्पल मापासाठी. प्रत्येक पाकिटावर लेबल, दोन पंचांच्या सह्या, सुतळी आणि लाखेचं सील. दीड-दोन तासांचं काम. हे त्या रात्री झालं नाही तर दुसऱ्या दिवशी शेजारणी येतात, पाहुणे येतात, घर भरतं, भांडी घासली जातात. आठवडा उलटला की आई फ्रॉक धुऊन, घडी घालून ठेवते. कुठलीही आई तेच करील.

निठारीत पंच घेऊन हे दार कोणी वाजवलं नाही. म्हणून जवळजवळ दोन वर्षांनी हाडं निघाली तेव्हा ओळख पटवायला उरलं ते आई-बापांचं रक्त आणि हैदराबादची डीएनए प्रयोगशाळा. ते काम झालं, आणि चांगलं झालं. सबंध प्रकरणात शेवटपर्यंत टिकलेला भौतिक पुरावा तोच म्हणायला हरकत नाही. पण डीएनए सांगतो हाड कोणाचं. मारणारा कोण, हे सांगायचं काम त्याचं नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही हेच नोंदवलं.

आणखी एक पुरावा होता, तो तर पोलीस ठाण्यातच होता. नोंदवही. एकाच गावातून, पायी फिरता येईल एवढ्या टापूतून मुलं जात होती. प्रत्येक नोंद सुटी वाचली तर पळालेली पोरगी, रागावलेला पोरगा. सगळ्या नोंदी एका नकाशावर मांडल्या असत्या तर? शेवटचं कोणी कुठे पाहिलं, किती वाजता, कुठल्या गल्लीत. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, भिंतीवर कागद आणि पेन्सिल लागते. शोधाचा परीघ काही कोठ्यांवर येऊन थांबला असता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण तो नकाशा काढला असता तर निदान ‘पळाली असेल’ हे वाक्य पाचव्या बापाला ऐकवणं जड गेलं असतं.

प्रकरण फुटलं ते लहान मुलांमुळे नाहीच. मे २००६ मध्ये वीस वर्षांची एक तरुणी नाहीशी झाली. तिच्या वडिलांनी पाठ सोडली नाही, ते कोर्टात गेले, आणि ऑक्टोबरमध्ये गुन्हा दाखल झाला. मध्ये पाच महिने. तिच्याकडे मोबाइल होता. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे त्या मोबाइलचा माग काढत ते कोलीपर्यंत पोचले. आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या खिशात २००५ साली मोबाइल नव्हता, एवढाच फरक. गुन्हा नोंदला गेल्यावर तीन महिन्यांत जे झालं ते त्याआधी दीड वर्षात झालं नव्हतं.

आणि मग २९ डिसेंबर २००६.

दोन कथा आहेत आणि दोन्ही कोर्टात आल्या. पोलिसांची कथा अशी की कोलीने कोठडीत सांगितलं, मी दाखवतो, आणि त्याने दाखवलेल्या जागेतून हाडं निघाली. गावकऱ्यांची कथा अशी की मुली गमावलेले दोन रहिवासी पोलिसांकडून कंटाळून तिथल्या रहिवासी संघाच्या माजी अध्यक्षांकडे गेले, त्या सकाळी त्यांनीच गटार धुंडाळलं, एक कुजलेला हात दिसला, आणि मग पोलिसांना बोलावलं. थोड्याच वेळात गर्दी जमली आणि खोदकाम सुरू झालं. जागा आधी बंदिस्त केली गेली नव्हती. टीव्हीचे कॅमेरे आले. डी-५ च्या मागची अरुंद बोळ आणि पुढचं उघडं गटार, दोन्हीकडून हाडं, कवट्या, कपडे, चपला वर येत राहिल्या.

इथे वकिलाचं चऱ्हाट थोडं लावतो, कारण एकोणीस वर्षांचा निकाल या एका सकाळवर फिरला. पोलीस कोठडीत आरोपी जे बोलतो ते कोर्टात चालत नाही. मारून बोलवून घेता येतं, हे इंग्रजालाही माहीत होतं. अपवाद एकच, जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७: आरोपीच्या सांगण्यावरून एखादी गोष्ट सापडली, तर तेवढ्याच शोधाशी निगडित असलेलं त्याचं बोलणं चालतं. आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ च्या परंतुकात गेलंय. महाराष्ट्रात आम्ही त्याला निवेदन पंचनामा म्हणतो. पद्धत साधी आहे. ठाण्यात आधी दोन पंच बसवायचे. आरोपी बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, पंचांच्या सह्या घ्यायच्या. मग सगळ्यांनी गाडीत बसायचं, आरोपी म्हणेल तिकडे वळायचं, आणि तो दाखवेल ती वस्तू जप्त करून दुसरा पंचनामा करायचा. जीव सगळा क्रमात आहे. आधी शब्द, मग जागा. आणि ती जागा अशी हवी की तोवर फक्त आरोपीलाच ठाऊक होती.

निठारीत त्या शब्दांचा त्याच वेळी केलेला कागदच नव्हता. रिमांडच्या कागदांत एक हकिगत, दुसरीकडे दुसरी. जागा उघडी, कोणालाही जाता येईल अशी, आणि गावकऱ्यांना आधीच कळलेली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाने बारा खटल्यांत केलेली कोलीची सुटका कायम केली तेव्हा हेच धरलं, आणि नोव्हेंबरच्या निकालातही तेच: खोदायच्या आधी जागा सुरक्षित केली नाही, कबुलीचं बोलणं वेळच्या वेळी लिहिलं नाही.

मला वकील म्हणून कलम २७ जितकं सलतं त्याहून त्या गटारातला गाळ जास्त सलतो. गाळ थरांनी बसतो. वरचा थर या पावसाळ्याचा, खालचा मागच्या. कुठलं हाड किती खोल होतं, कुठल्या पिशवीत होतं, त्याच्या शेजारी काय होतं, यावरून कोण आधी कोण नंतर हे सांगता येऊ शकतं. गाळात दुधाची पिशवी असते, बिस्किटाचं वेष्टन असतं, त्यावर तारीख छापलेली असते. गटार शेवटचं केव्हा उपसलं होतं, हे सफाई खात्याला विचारता येतं. त्या तारखेच्या आधीचं तिथे काही असायला नको, आणि असलं तर ते दुसरीकडून नंतर आणून टाकलेलं असू शकतं. जाणकार माणूस अशी जागा दोऱ्यांनी चौकोनांत वाटतो, थराथराने माती काढतो, चाळतो, मोजपट्टी ठेवून फोटो काढतो, आणि चौकोन क्रमांक तीन, खोली अमुक, असं प्रत्येक तुकड्याला नाव देतो. फावड्याने वर काढून ढीग घातला की हाड मिळतं, पण हाडाची हकिगत जाते. ती परत गाळात ठेवता येत नाही.

घराच्या झडतीचंही असंच. सुऱ्या आणि कुऱ्हाड पुढे आली, पण त्यांच्यावर रक्त, मांस किंवा केस असल्याचं सिद्ध झालं नाही. घरातही एवढे खून आणि एवढी चिरफाड झाल्याच्या मानाने खुणा मिळाल्या नाहीत. आता याचे दोन अर्थ होतात. एक, तिथे काही झालंच नव्हतं. दोन, झालं होतं पण दोन वर्षांच्या फिनेलने धुऊन निघालं. मार्च २००५ मध्ये कोणी त्या गल्लीतली न्हाणीघरं तपासली असती तर या दोन अर्थांपैकी एक तरी मेला असता. उशिराने केलेल्या तपासाचं दुखणं हे, की काही न सापडण्यालाही अर्थ उरत नाही.

११ जानेवारी २००७ ला तपास सीबीआयकडे गेला. त्यांच्या हातात जे आलं ते उकरलेलं गटार, तुडवलेली बोळ आणि पोलिसांनी आणलेला आरोपी. मग उरला कबुलीजबाब. साठ दिवसांच्या आसपास पोलीस कोठडीत काढल्यावर, १ मार्च २००७ ला दिल्लीत दंडाधिकाऱ्यांपुढे कोलीने तो दिला. त्या दिवसांत न्यायालयाच्या आदेशाने त्याची वेळेवर वैद्यकीय तपासणी झाली नव्हती. वैद्यकीय ज्ञान नसलेल्या घरगड्याने अशी सफाईदार कापाकापी कशी केली, हा प्रश्न पुढे न्यायालयालाही पडला. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या समितीने अवयवांच्या व्यापाराची शक्यता तपासा म्हणून सांगितलं होतं, तो धागा कोणी धरला नाही. घरातले आणि शेजारचे सरळ दिसणारे साक्षीदार पुरते तपासले नाहीत. सीबीआयला मी मोकळं सोडत नाही. पण त्यांच्या पानात वाढलं गेलं तेच उष्टं होतं.

पुढचं भराभर सांगतो. फेब्रुवारी २००९, गाझियाबादच्या न्यायालयाची पहिली फाशीची शिक्षा. त्याच वर्षी त्या खटल्यात पंधेर उच्च न्यायालयात सुटला. फेब्रुवारी २०११ मध्ये कोलीची फाशी सर्वोच्च न्यायालयात कायम. सप्टेंबर २०१४ मध्ये मेरठच्या तुरुंगात फाशीची तयारी झाली होती, आणि मध्यरात्रीनंतर न्यायाधीशांच्या घरी अर्ज चालून ती थांबली. जानेवारी २०१५ मध्ये दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबापायी जन्मठेप. १६ ऑक्टोबर २०२३ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने बारा खटल्यांत कोलीला आणि दोन खटल्यांत पंधेरला सोडलं. म्हणजे तोच कबुलीजबाब, तेच गटार, तेच खोदकाम, आणि बारा खटल्यांत निर्दोष पण तेराव्यात दोषी. ही विसंगती क्युरेटिव्हमध्ये निघाली. त्या सप्टेंबरच्या रात्री तो अर्ज चालला नसता तर विसंगती काढायला याचिकाकर्ता उरला नसता, हे सगळ्या प्रकरणात मला सर्वांत थंड करणारं वाटतं.

बदल झाले. १० मे २०१३ च्या आदेशात, बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच, आणि उलट सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा मानवी व्यापार असं गृहीत धरायचं. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे. २०१६ च्या बालन्याय आदर्श नियमांत ते आलं. महाराष्ट्रात अठरा वर्षांखालच्या मुलाची ‘मिसिंग’ आता नुसती मिसिंग राहत नाही, अपहरणाचा गुन्हा होतो, आधी भारतीय दंड संहितेचं कलम ३६३ आणि आता भारतीय न्याय संहितेचं १३७(२). चोवीस तास थांबा असं कोणी सांगत असेल तर तसा नियम कधीच नव्हता. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करायचं आहे. त्या गटाराशी २००६ साली एक चालू कॅमेरा पोलिसांचा असता तर दोन कथांपैकी खरी कुठली हे पहिल्याच खटल्यात कळलं असतं. कॅमेरे होते, पण वाहिन्यांचे.

कागद सुधारला की हात सुधारतात का, याबद्दल मला शंका आहे, आणि ती पुस्तकी नाही. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावात दहा वर्षांचा मुलगा शिकवणीला जाऊन आला नाही. वडील माझ्या ओळखीचे. गुन्हा त्याच रात्री नोंदला गेला, अगदी नियमाप्रमाणे. कलम बरोबर, वेळ बरोबर, सही-शिक्का बरोबर. शिकवणीच्या समोर औषधाचं दुकान, दुकानावर कॅमेरा, तो थेट रस्त्यावर रोखलेला. मी वडिलांना म्हटलं, चित्रण घेतलं का बघा. ते म्हणाले, साहेब म्हणालेत, घेऊ. दुकानदाराच्या डीव्हीआरमध्ये पंधरा दिवसांचं चित्रण राहायचं, पुढचं मागच्यावर चढायचं. तो स्वतः दोनदा ठाण्यात सांगून आला. पोलीस दुकानात आले अठराव्या दिवशी. पंचनामा केला, डीव्हीआर जप्त केला, सील केला, लेबल लावलं. सगळं पद्धतशीर. आत त्या संध्याकाळचं काही नव्हतं.

मुलगा महिन्याभराने सुरतेला मिळाला, दूरच्या चुलत्याकडे, स्वतःहून गेलेला. मी नंतर एका हवालदारांना त्या चित्रणाबद्दल विचारलं. ते हसले आणि म्हणाले, ‘पोरगं मिळालं ना वकीलसाहेब?’ मिळालं होतं. डीव्हीआर मात्र दुकानदाराला परत मिळायला पुढचे सात महिने गेले.